डेल्फ्टचा कापडवाला

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये बायॉलॉजीचं काय काम, असं कुणीही विचारेल. पण हा लेख ज्या माणसावर आहे, तो बायॉलॉजिस्ट नव्हताच. तो कापडाचा दुकानदार होता. नंतर गावच्या नगर परिषदेत नोकरीला लागला. त्याच्याकडे डिग्री नव्हती, डिप्लोमा नव्हता, आणि त्या काळात विद्वान म्हणवून घ्यायला लागणारी लॅटिन भाषा तर त्याला अजिबात येत नव्हती. तरीही जगातले जीवजंतू पहिल्यांदा पाहिले ते यानेच. शुक्राणूंचा पहिला नीट अभ्यास केला तोही यानेच. आणि हे सगळं त्याने केलं ते स्वतःच्या हाताने बनवलेल्या दोन इंचांच्या यंत्रावर!

त्याचं नाव अँटनी व्हान लेव्हेनहूक. मराठी पुस्तकांत हे नाव इतक्या वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असतं की बारावीला बायॉलॉजी घेतलेल्यांनाही पटकन ओळखू येणार नाही. पीसीएम घेऊन सीईटी दिलेल्यांची तर गोष्टच सोडा. पण मला वाटतं, हा माणूस डॉक्टरांपेक्षा इंजिनिअर्सचा जास्त आहे. पुढे वाचा म्हणजे पटेल.

टोपल्या विणणाऱ्याचा मुलगा

हॉलंडमधलं डेल्फ्ट हे कालव्यांचं गाव. तिथे २४ ऑक्टोबर १६३२ रोजी अँटनीचा जन्म झाला. (आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज दोन वर्षांचे होते.) वडील टोपल्या विणायचे. आईच्या माहेरी बिअर बनवण्याचा धंदा. अँटनी पाच-सहा वर्षांचा असताना वडील वारले. आईने दुसरं लग्न केलं, मुलाला बाहेरगावी शाळेत घातलं, नंतर तो काही दिवस एका नातेवाइकाकडे राहिला. सोळाव्या वर्षी, म्हणजे १६४८ मध्ये, त्याला ॲमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याच्या दुकानात उमेदवारीला पाठवलं. तिथे तो हिशेब आणि रोखीचं काम शिकला. झालं, एवढंच त्याचं शिक्षण.

१६५४ मध्ये तो डेल्फ्टला परत आला, बार्बरा नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि स्वतःचं दुकान टाकलं. कापड, बटणं, फिती असला माल. त्या काळचे कापडवाले कापडाचा पोत बघायला भिंग वापरायचे. एका इंचात किती धागे आहेत ते मोजायचं आणि भाव ठरवायचा. आपल्या या कापडवाल्याची आणि भिंगाची गाठ पडली ती बहुतेक इथेच.

संसारात मात्र त्याने फार दुःख सोसलं. पाच मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. १६६६ मध्ये बार्बराही गेली. राहिली एकटी मारिया. तिने लग्न केलं नाही आणि वडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं. १६७१ मध्ये त्याने दुसरं लग्न केलं, ती पत्नीही १६९४ मध्ये वारली.

१६६० मध्ये त्याला नगर परिषदेत नोकरी मिळाली. पदाचं नाव भारदस्त होतं, पण काम म्हणजे अधिकाऱ्यांचं दालन उघडायचं, झाडून-पुसून ठेवायचं आणि थंडीत शेकोटी पेटवायची! हे काम त्याने माणसं लावून करवून घेतलं असावं, पण पगार नियमित होता आणि वेळ भरपूर. १६६९ मध्ये त्याने सर्व्हेयरची परीक्षा दिली आणि पास झाला. म्हणजे आपल्या सिव्हिलवाल्यांचा तो भाऊबंदच. १६७९ मध्ये त्याच्याकडे आणखी एक काम आलं : गावात येणाऱ्या वाइनची पिंपं मोजून कर ठरवायचा. मी मूळची विंचूरची. आमच्याकडे एमआयडीसीचं वाइन पार्क आहे, त्यामुळे हे वाचून मला उगीचच तो आपल्या गावचा वाटला. मधोमध फुगलेल्या पिंपाचं घनफळ काढणं किती किचकट, ते एम-टूमध्ये इंटिग्रेशन करून दमलेल्यांना वेगळं सांगायला नको. आणि त्या वर्षी कॅल्क्युलस अजून छापूनही आलेलं नव्हतं!

कसरीचं चित्र

आता या गोष्टीत आपल्या ओळखीचा एक माणूस येतो. रॉबर्ट हूक. हो, तोच, स्ट्रेस-स्ट्रेनवाला. हूकने १६६५ मध्ये लंडनला ‘मायक्रोग्राफिया’ नावाचं पुस्तक छापलं. मायक्रोस्कोपखाली दिसलेल्या वस्तूंची त्यात मोठमोठी चित्रं होती. पिसू, ऊ, बुचाच्या लाकडातले कप्पे (याच कप्प्यांना त्याने सेल हे नाव दिलं), आणि एक चंदेरी किडा. जुनं पुस्तक उघडलं की पानांतून सुळकन पळतो, अंगावर चकचकीत खवले, मागे तीन शेपट्या. आपण त्याला कसर म्हणतो. होस्टेलच्या ट्रंकेत डांबरगोळ्या टाकायला आई सांगते ती यांच्याचसाठी.

या कसरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे तिचं काम आहे. ऊ, पिसू, ढेकूण यांनाही पंख नसतात. पण त्यांच्या पूर्वजांना पंख होते, दुसऱ्याच्या अंगावर फुकट जगायची सोय झाल्यावर ते गेले. कसरीचं तसं नाही. तिच्या खानदानात पंख कधी आलेच नाहीत. कीटकांना पंख फुटायच्या आधी जी घराणी होती, त्यातली ती आहे. अशा बिनपंखी घराण्यांतल्या स्प्रिंगटेल नावाच्या एका जीवाचा स्कॉटलंडमध्ये सापडलेला जीवाश्म सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे डायनोसॉरही यांच्यापुढे कालची पोरं.

१६६८ च्या सुमारास लेव्हेनहूक इंग्लंडला जाऊन आला. हूकचं पुस्तक तेव्हा तिथे गाजत होतं, ते त्याने पाहिलं असावं असं अभ्यासक मानतात. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण चित्रांना भाषा कशाला लागते?

घरी येऊन त्याने यंत्र बनवलं. हूकच्या मायक्रोस्कोपला दोन-तीन भिंगं होती. लेव्हेनहूकच्या यंत्राला फक्त एक. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन पट्ट्या, त्यांच्यामध्ये बारीक छिद्रात बसवलेलं मोहरीच्या दाण्याएवढं भिंग, समोर एक टोकदार खिळा आणि तो पुढे-मागे, वर-खाली करायला स्क्रू. वस्तू खिळ्याच्या टोकाला चिकटवायची, यंत्र डोळ्याला टेकवायचं आणि उजेडाकडे तोंड करून बघायचं. बस्स. धातू वितळवण्यापासून स्क्रूचे आटे पाडण्यापर्यंत सगळं तो स्वतः करायचा. आपण फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फायलिंगचा एक जॉब करून कंटाळतो. याने आयुष्यात अशी जवळजवळ पाचशे यंत्रं बनवली. त्यातली आज जेमतेम दहा-बारा उरली आहेत. सर्वांत शक्तिमान जे उरलंय ते वस्तू सुमारे २६६ पट मोठी दाखवतं.

मातृभाषेतली पत्रं

१६७३ मध्ये डेल्फ्टमधले एक तरुण डॉक्टर, रेनिए द ग्राफ, यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला या कापडवाल्याबद्दल कळवलं. सोबत लेव्हेनहूकचं पहिलं पत्र होतं : बुरशी, मधमाशीची नांगी आणि ऊ यांच्याबद्दल. तेव्हापासून मरेपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, तो सोसायटीला पत्रं लिहीत राहिला. सगळी डच भाषेत. तीही दुकानातल्या, बाजारातल्या साध्या डचमध्ये. तिकडचे लोक भाषांतर करून छापायचे. मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे इंग्रजीचा धाक मला कधी वाटला नाही. पण मराठी मीडियममधून आलेले, सगळं येत असूनही व्हायवाला गप्प बसणारे मित्रमैत्रिणी मी पाहिले आहेत. त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. जगातल्या सगळ्यांत मोठ्या विज्ञानसंस्थेला या माणसाची भाषा समजून घ्यावी लागली, कारण त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं.

१६७४ मध्ये त्याने डेल्फ्टजवळच्या एका तळ्याचं पाणी पाहिलं, आणि त्यात त्याला हलणारे, फिरणारे इवले जीव दिसले. ९ ऑक्टोबर १६७६ च्या प्रसिद्ध पत्रात त्याने मिरी भिजवून ठेवलेल्या पाण्यातले त्याहूनही बारीक जीव वर्णन केले. हे बॅक्टेरिया होते. लंडनमध्ये कुणाचाच विश्वास बसेना. तिथल्या लोकांनी करून पाहिलं, जमलं नाही. लेव्हेनहूकने मग गावातले धर्मगुरू वगैरे प्रतिष्ठित आठ साक्षीदार जमवून, त्यांना दाखवून, त्यांच्या सह्यांचे दाखले पाठवले. शेवटी नोव्हेंबर १६७७ मध्ये स्वतः हूकने मिरीचं पाणी करून सोसायटीच्या सभासदांना ते जीव दाखवले, तेव्हा कुठे या कापडवाल्याचं म्हणणं खरं ठरलं.

त्या काळी मायक्रोमीटर स्क्रू गेज नव्हता. मग मोजायचं कसं? त्याने आपलीच मापं ठरवली : वाळूचा कण, स्वतःचा केस, उवेचा डोळा. रक्तातल्या शंभर लाल पेशी एका ओळीत ठेवल्या तर वाळूचा एक जाड कण होतो, आणि असे तीस कण म्हणजे एक इंच. हिशेब केला तर एक पेशी सुमारे साडेआठ मायक्रॉन येते. आजचं माप सात ते आठ मायक्रॉन. वाळूच्या कणाने मोजून एवढी ॲक्युरसी!

नोव्हेंबर १६७७

त्याच शरद ऋतूत लायडन विद्यापीठाचा एक विद्यार्थी, योहान हाम, लेव्हेनहूककडे एक काचेची कुपी घेऊन आला. तिच्यात परम्याच्या (गुप्तरोगाच्या) एका रुग्णाचं वीर्य होतं. हामला त्यात शेपटीवाले जीव दिसले होते. रोगामुळे वीर्य कुजलं आणि त्यातून ते तयार झाले, असं त्याला वाटलं. लेव्हेनहूकने पाहिलं, जीव खरोखरच होते. पण कारण त्याला पटेना. रोगामुळे होतात म्हणायचं, तर निरोगी माणसात आहेत की नाहीत हे आधी बघायला नको का? म्हणून त्याने स्वतःचं वीर्य तपासलं. त्यातही ते होतेच! आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने कंट्रोल सॅम्पल घेतलं.

आता पंचाईत अशी की हे लिहायचं कसं? तो धार्मिक माणूस, गावात अब्रूदार, वय पंचेचाळीस. त्याने पत्र लॅटिनमध्ये करवून घेतलं आणि थेट सोसायटीच्या अध्यक्षांना पाठवलं. त्यात स्पष्ट सांगितलं की नमुना कुठल्याही पापकर्मातून नव्हे, तर पतिपत्नीच्या संबंधातून उरलेला आहे. आणि हे वाचून विद्वानांना किळस येईल असं अध्यक्षांना वाटलं, तर पत्र छापायचं की दाबून टाकायचं हे त्यांनीच ठरवावं. पण जे दिसलं ते त्याने गाळलं नाही. गोल डोकं, लांब पारदर्शक शेपटी, आणि पाण्यात वाम (ईल) मासा पोहतो तशी ती वळवळवत पुढे जाण्याची चाल. असे दहा लाख एकत्र केले तरी वाळूचा एक मोठा कण होणार नाही, असाही अंदाज दिला. सोसायटीने ते पत्र १६७९ मध्ये छापलं.

आमच्या शाळेत रिप्रॉडक्शनचा धडा टीचरनी मुलींना घरी वाचून यायला सांगितला होता. वर्गात तो झालाच नाही. बऱ्याच शाळांत अजूनही असंच होतं, असं मैत्रिणींकडून कळतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका दुकानदाराला जे संकोच बाजूला ठेवून लिहिता आलं, ते शिकलेल्या माणसांना फळ्यावर लिहिता येत नाही, याचं नवल वाटतं.

पुढे त्याने कुत्रा, ससा, मासे, बेडूक, कोंबडा आणि कीटक या सगळ्यांत शुक्राणू शोधले आणि त्याला ते सापडले. म्हणजे ही रोगाची भानगड नव्हती, हा नराच्या शरीराचा नेहमीचाच भाग होता. एकदा कॉड माशाचे शुक्राणू मोजायला बसला, तर आकडा एवढा मोठा आला की तुलनेसाठी त्याने पृथ्वीवर जास्तीत जास्त किती माणसं राहू शकतील याचा हिशेब केला. हॉलंडची लोकसंख्या आणि क्षेत्रफळ घेऊन सरळ त्रैराशिक! उत्तर आलं सुमारे १,३४० कोटी. हे साल होतं १६७९. जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाली ती २०२२ मध्ये.

पायमोज्यातल्या उवा

आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात, दमट हवा लागली की गव्हात सोंडे आपोआप होतात. लेव्हेनहूकच्या काळी युरोपातले विद्वानही हेच मानत होते. पिसवा धुळीतून होतात, किडे धान्यातून होतात, उवा घामातून. लेव्हेनहूकला हे पटत नव्हतं. आईबापांशिवाय पोर होणं शक्य नाही, असं त्याचं म्हणणं. त्याने धान्यातले किडे पाळून त्यांची अंडी आणि अळ्या दाखवल्या. पिसवेचं अंडं, अळी, कोष आणि पुन्हा पिसू असं सगळं चक्र पाहिलं. उवा किती वेगाने वाढतात हे बघायला त्याने काय केलं असेल? काळ्या पायमोज्यात दोन माद्या सोडल्या आणि तो मोजा कित्येक दिवस पायातून काढलाच नाही! प्रोजेक्टसाठी एवढं कोण करतं?

पण इथेच त्याची एक मोठी चूकही झाली. शुक्राणूंची हालचाल बघून तो इतका भारावला की बाळ पूर्णपणे शुक्राणूतच असतं, आईकडून फक्त अन्न आणि जागा मिळते, असं तो ठामपणे सांगू लागला. जे हलतं तेच जिवंत, असा त्याचा समज. मग १६९५ मध्ये त्याने मावा तपासला. (द्राक्षं, भाजीपाला करणाऱ्यांच्या घरी हा किडा नवा नाही.) माद्या फोडून त्यात तो अंडी शोधत होता. अंडी नाहीत, पण आत तयार पिल्लं! आणि नर शोधून सापडेना. म्हणजे शुक्राणूंशिवाय पिल्लं. त्याच्या सिद्धान्ताला हा सरळ धक्का होता. त्याचं मत काही बदललं नाही. पण निरीक्षण त्याने लपवलं नाही, जसं दिसलं तसं लिहून पाठवलं. म्हणून आज आपल्याला माव्याचं खरं समजतं, आणि त्याचं मत चुकीचं होतं हेही समजतं. शुक्राणू आणि अंडं एकत्र येऊन जीव तयार होतो, हे ऑस्कर हर्टविगने समुद्री अर्चिनमध्ये दाखवलं ते १८७६ मध्ये. मधे दोनशे वर्षं गेली.

एक दार बंद

१६८० मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सभासद केलं. आयुष्यात एकदाही तो सभेला गेला नाही. लोकच त्याच्याकडे यायचे. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर डेल्फ्टला आला, तेव्हा लेव्हेनहूकने त्याला ईल माशाच्या शेपटीतलं रक्ताभिसरण दाखवलं. पण कुणीही येवो, आपली उत्तम भिंगं तो कुणाला दाखवत नसे. पाहुण्यांना साधी यंत्रं द्यायची, सर्वांत चांगली कपाटात. भिंग कसं बनवतो, हे तर त्याने कुणालाच सांगितलं नाही. लायब्निझने सुचवलं होतं की तरुण मुलांना हे शिकवा. त्याने नकार दिला. कुणी शिष्य नाही, कसली नोंद नाही.

याची किंमत काय झाली? तो गेल्यावर त्याच्यासारखं बारीक बघू शकणारं फारसं कुणी उरलं नाही. बॅक्टेरियांचा अभ्यास पुढची कित्येक दशकं रखडत चालला. १८३० च्या सुमारास जोसेफ जॅक्सन लिस्टरने मायक्रोस्कोपच्या भिंगांत सुधारणा केल्या, तेव्हा काम पुन्हा जोर धरू लागलं. नुसत्या एका माणसाच्या गुप्ततेमुळे हे झालं असं म्हणता येणार नाही, पण त्याची पद्धत लोकांना माहीत असती तर इतकी वाट बघावी लागली नसती. मला वाटतं, त्याच्या आयुष्यातली खरी खंत हीच आहे. काय दिसलं ते त्याने जगाला सांगितलं, कसं दिसलं ते मात्र स्वतःबरोबर नेलं.

बघायची सवय मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. नव्वदीत त्याला छातीखाली धडधडण्याचा विचित्र आजार झाला. डॉक्टरांना वाटलं हृदयाचं आहे. याने स्वतःच्याच लक्षणांवरून सांगितलं की हे हृदय नव्हे, श्वासपटल आहे. ते बरोबर निघालं. त्या आजाराला आजही त्याचं नाव आहे. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वद वर्षांचा असताना, तो डेल्फ्टलाच वारला. ठेवणीतली २६ चांदीची यंत्रं त्याने रॉयल सोसायटीला दिली होती. ती पुढे हरवली! बाकीची मारियाच्या मृत्यूनंतर १७४७ मध्ये लिलावात गेली.

शेपटीच्या आत काय असतं?

लेव्हेनहूकने शेपटी पाहिली, ती वळवळते हेही पाहिलं. पण ती वळवळते कशी? तिचा गाभा असतो फक्त ०.२ मायक्रॉन जाड. त्याच्या भिंगाची मर्यादा एक मायक्रॉनच्या थोडी वर. त्यामुळे हे कोडं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप येईपर्यंत, म्हणजे १९५० च्या दशकापर्यंत तसंच राहिलं.

शेपटी आडवी कापली तर आत नळ्या दिसतात : मधे दोन, भोवती वर्तुळात नऊ जोड्या. याला ९+२ म्हणतात. माणसाच्या शुक्राणूत हीच रचना, पॅरामेशियमच्या केसांतही हीच. प्रत्येक जोडीला बारीक हात असतात, ते डायनीन नावाच्या प्रथिनाचे. ही मोटर. तिचं नाव १९६५ मध्ये पडलं. हे हात शेजारच्या जोडीला धरून ढकलतात, जोड्या एकमेकींवरून सरकतात. पण त्या बांधलेल्या असल्याने सरकण्याचं रूपांतर वाकण्यात होतं. बायमेटॅलिक स्ट्रिप वाकते, साधारण तसंच. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, आणि लाट शेपटीभर धावते. एवढ्या लहान जीवाला पाणी मधासारखं घट्ट वाटतं. फ्लुइड मेकॅनिक्सवाल्यांसाठी : रेनॉल्ड्स नंबर एकपेक्षा कितीतरी कमी. शेपटी थांबली की शुक्राणू तत्क्षणी थांबतो, नाव वल्हवणं थांबवल्यावर पुढे सरकते तसा तो सरकत नाही.

आता कसरीकडे या. बहुतेक कीटकांच्या शेपटीत बाहेरून आणखी नऊ नळ्या असतात, ९+९+२. कसरीतही त्या आहेत. कसरीचा एक भाऊबंद भट्टीजवळच्या उबेत राहतो. त्याचे शुक्राणू तर दोन-दोनच्या जोडीने एकमेकांना बिलगून पोहतात. मातीत राहणारे प्रोटुरा नावाचे आंधळे, दोन मिलिमीटरपेक्षाही छोटे जीव आहेत, कीटकांचे चुलत भाऊ म्हणा. त्यांच्यातल्या एका गटात १४+० अशी रचना आहे. मधल्या नळ्याच नाहीत, आणि तरी शेपटी हलते! त्यांच्याच दुसऱ्या गटातल्या शुक्राणूंना शेपटीच नाही, ते हलतच नाहीत. आणि गंमत म्हणजे यांच्यात नर-मादीचं मीलन आपल्या कल्पनेसारखं नसतं. कसरीचा नर रेशमासारखे धागे ताणून त्याखाली शुक्राणूंची पुडी ठेवतो, मादी येऊन ती उचलते. स्प्रिंगटेलचे नर ओल्या मातीवर बारीक देठावर थेंब ठेवून जातात.

एकच काम, आणि डिझाइनं किती! पंख असलेल्या पुढच्या कीटकांचा वंश शोधताना शास्त्रज्ञ या शेपट्यांच्या आडव्या कापांचा उपयोग करतात. कुणाचं नातं कुणाशी, हे नळ्या मोजून ठरवायला मदत होते. लेव्हेनहूकने मांडलेला हिशेब असा अजून चालूच आहे.

न्यूट्रॉन आणि काचेचा मणी

शेवटी त्या गुपिताचं काय झालं? उरलेली यंत्रं उघडून बघायची तर मोडायची भीती. पट्ट्यांमधलं भिंग बाहेरून नीट दिसत नाही. एक्स-रे धातूत अडकतो. २०२१ मध्ये डेल्फ्टच्याच तंत्रज्ञान विद्यापीठातल्या अणुभट्टीचे न्यूट्रॉन वापरून या यंत्रांचा थ्री-डी स्कॅन केल्याचं प्रसिद्ध झालं. न्यूट्रॉन धातूतून आरपार जातात. सर्वांत शक्तिमान यंत्राच्या आत काय निघालं? घासून बनवलेलं भिंग नव्हे, तर काचेचा एक मणी. काचेची बारीक दांडी ज्योतीत धरली की टोकाला थेंब गोळा होतो, तोच हा मणी. त्याला दांडीचा एक बारीकसा तुकडा अजून चिकटलेला होता.

आणि ही कृती कुणाची? रॉबर्ट हूकची! कसरीचं चित्र असलेल्या त्याच १६६५ च्या पुस्तकात ती छापलेली होती. म्हणजे जे गुपित आयुष्यभर जपलं, त्याचं मूळ दुसऱ्या एका माणसाने आधीच उघडपणे सगळ्यांसाठी लिहून ठेवलं होतं. हूकने कृती लिहिली म्हणून लेव्हेनहूक घडला. लेव्हेनहूकने कृती लिहिली नाही, म्हणून त्याच्या मागे कुणी घडलं नाही. आपल्याला दोघांकडूनही घ्यायचं आहे.

लेव्हेनहूककडून घ्यायचं ते असं : जे दिसलं ते लिहायचं, मग ते आपल्या मताविरुद्ध असो, लाज वाटण्यासारखं असो, किंवा मोडक्यातोडक्या भाषेत असो. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या एकाच जर्नलमधून वीस जणांची रीडिंग्ज तयार होतात, हे सर्वांनाच माहीत आहे. त्या वीस जणांनी काय पाहिलं? काहीच नाही. आणि हूककडून घ्यायचं ते म्हणजे कसं केलं तेही लिहायचं, म्हणजे आपल्यानंतर येणाऱ्या बॅचला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. फायनल इयरचे प्रोजेक्ट रिपोर्ट लायब्ररीच्या कपाटात पडून आहेत. त्यातल्या किती रिपोर्टांवरून कुणाला ते मॉडेल पुन्हा बनवता येईल?

वेळ मिळाला तर जरा बघा. एखादा रिपोर्ट उघडाल तेव्हा पानांतून चंदेरी काहीतरी सुळकन पळेल. तिला मारायच्या आधी एक क्षण थांबा. ती तुमच्या-माझ्यापेक्षा फार जुन्या घराण्यातली आहे.

(टी. ई., मेकॅनिकल, मूळ गाव विंचूर, ता. निफाड, जि. नाशिक)